आधी कुणाची रांग बघावी? जुन्या टीव्ही व्हरायटी शोंची तुलना

माझी भाची नागपुरात नाचाचे क्लास घेते. मध्यंतरी तिचा मेसेज आला: ‘मावशी, त्या एका रांगेत पाय उडवणाऱ्या बायकांचे जुने टीव्ही शो तू जागून जागून बघत असतेस ना, त्यातला एकच सांग. सगळे बघायला मला वेळ नाही.’ एकच म्हटल्यावर माझी पंचाईत झाली. ही नाचणाऱ्यांची रांग, म्हणजे कोरस लाइन, सगळीकडे आहे, पण प्रत्येक शोने तिला वेगळ्या कामाला लावलंय. कुठे ती नुसता पडदा उघडून निघून जाते, कुठे पहिली तीन मिनिटं सबंध तिचीच असतात, तर कुठे यजमानाच्या मागे तिला फुलदाणीसारखं मांडून ठेवलंय. उत्तर लिहायला बसले आणि ते लांबत गेलं.

व्हरायटी शो म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. गण, गवळण, बतावणी, वग या क्रमाने तमाशा बघितलेल्या माणसाला एका तिकिटात नाच, गाणं, हशा आणि गोष्ट मिळायची सवय असतेच. रांगेची गंमतही आपल्याला नवी नाही. मिरवणुकीत लेझमाचं पथक येतं, चाळीस जण हलगीच्या एका ठोक्यावर एकदम खाली बसतात, एकदम उठतात आणि अंगावर काटा येतो. त्यातला अमुक एक जण फार सुंदर नाचतो म्हणून नव्हे, चाळिसांतला एकही चुकत नाही म्हणून.

पण पथक समोरून जाताना आपण मान वळवून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघू शकतो. टीव्हीला मान नसते. जुना पडदा जवळजवळ चौकोनी, चारास तीन. सोळा जणींची रांग त्यात पुरी बसवायची तर कॅमेरा इतका मागे न्यावा लागतो की बायका आगकाड्यांएवढ्या दिसतात आणि वरखाली नुसती मोकळी जागा उरते. जवळ जावं तर चारच जणी मावतात, मग रांग कसली? त्यात ब्रिटनचं चित्र तेव्हा ४०५ रेघांचं, अमेरिकेचं ५२५ रेघांचं. रांगेचा नाच टीव्हीवर आणायचा म्हणजे आधी ही अडचण सोडवायची. कुणी ती कशी सोडवली, की सोडवायच्या भानगडीतच पडलं नाही, यावरून मी शो निवडते. यजमान किती विनोदी, पाहुणे किती मोठे, ते मग.

लंडन की मायामी

खरी लढत या दोघांत आहे.

‘संडे नाइट ॲट द लंडन पॅलेडियम’ सुरू झाला २५ सप्टेंबर १९५५ ला. ब्रिटनमध्ये जाहिरातींवर चालणारं आयटीव्ही सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते. पॅलेडियम हे १९१० सालचं, दोन हजारांवर खुर्च्यांचं थिएटर, आणि तिथून रविवारी रात्री थेट प्रक्षेपण. पडदा वर गेला की टिलर गर्ल्स. मग एकदोन छोटे कलाकार, मग ‘बीट द क्लॉक’ नावाचा प्रेक्षकांतल्या जोडप्यांचा खेळ, मग त्या रात्रीचा मोठा पाहुणा, आणि शेवटी सगळ्यांनी फिरत्या रंगमंचावर उभं राहून हात हलवत घेतलेला निरोप. १३ ऑक्टोबर १९६३ ला बीटल्स इथे आले. जानेवारी १९६७ मध्ये रोलिंग स्टोन्सनी त्या फिरत्या मंचावर चढायला नकार दिला, तर देवळात चपला घालून शिरल्यासारखा गहजब झाला.

टिलर मुलींचं घराणं टीव्हीपेक्षा कितीतरी जुनं. मँचेस्टरमधल्या कापसाच्या धंद्यातले जॉन टिलर यांनी १८९० च्या सुमारास चार लहान मुलींपासून सुरुवात केली. समूहात नाचणाऱ्या मुली विस्कळीत नाचतात, ही त्यांची तक्रार. त्यांनी उंचीला उंची जुळवून मुली निवडल्या आणि एकमेकींच्या कमरेत हात गुंफायला लावले. हात गुंफले की शेजारणीचा तोल आणि वेग आपल्या अंगात उतरतो. एक जण अर्धा ठोका मागे पडली तर दोन्ही बाजूंच्यांना ते लगेच कळतं, आणि तिलाही. गिरण्यांच्या गावातल्या माणसाला ही कल्पना सुचावी याचं मला कधी नवल वाटलं नाही.

पुढे टिलरच्या मुली न्यूयॉर्कच्या झीगफील्ड फॉलीज या रंगमंचावरच्या नाचगाण्याच्या कार्यक्रमात नाचल्या. १९२२ साली रसेल मार्कर्ट या अमेरिकन नृत्यदिग्दर्शकाने त्यांना तिथे बघितलं, १९२५ मध्ये सेंट लुइसला स्वतःचा ताफा उभा केला, आणि तोच ताफा पुढे रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या रॉकेट्स झाला. म्हणजे जी रांग बघून आपण ‘काय पण अमेरिका’ म्हणतो तिचं माहेर मँचेस्टर. फरक एवढाच की रॉकेट्स एकमेकींना धरतच नाहीत, पाठीमागे हात नेऊन जेमतेम कापडाला स्पर्श करतात. टेकू नाही, सगळा तोल स्वतःचा. शिवाय सर्वांत उंच मुलगी मधोमध आणि दोन्ही टोकांकडे उंची उतरत जाते, त्यामुळे लांबून सगळ्या सारख्याच वाटतात. डोळ्यांची ही फसवणूक एकदा कळली की प्रत्येक शोमध्ये तीच शोधत बसतो आपण.

असं थोर घराणं असूनही पॅलेडियमला मी पहिला नंबर देत नाही. तिथली रांग थिएटरातल्या दोन हजार लोकांसाठी बांधलेली आहे, कॅमेरा हा त्यांच्यातलाच एक पाहुणा. तो खुर्चीवर बसल्यासारखा समोरून बघतो, कधी जरा तिरका होतो, बस्स. रांग लांबच लांब पसरते आणि बारीक दिसते. थेट प्रक्षेपण असल्यामुळे एक वेगळाच ताण त्यात आहे हे मान्य. पण या शोचे बरेच भाग आज उरलेलेच नाहीत. जे सापडतात त्यांत लोक बघतात ते मोठ्या पाहुण्यांना किंवा १९५८ पासून यजमान झालेल्या ब्रूस फोर्सिथना, आणि क्लिप कापणाऱ्यांनी टिलर मुलींना आधीच उडवलेलं असतं.

आता अमेरिकेतले विनोदी नट जॅकी ग्लीसन यांचा शो, आणि त्यात नाच बसवणाऱ्या जून टेलर.

जून टेलर शिकागोच्या. क्षयामुळे ऐन विशीत त्यांचा स्वतःचा नाच थांबला, मग त्या नाच बसवायला लागल्या. १९४८ साली एड सलिव्हन यांचा शो ‘टोस्ट ऑफ द टाउन’ या नावाने सुरू झाला तेव्हा त्यात त्यांच्या सहा मुली होत्या, टोस्टेट्स नावाच्या. १९५० मध्ये ड्युमॉन्ट वाहिनीवरच्या ‘कॅव्हलकेड ऑफ स्टार्स’मध्ये त्यांची जोडी ग्लीसनशी जमली. १९५२ ला ग्लीसन सीबीएस वाहिनीवर गेले, सोबत टेलरबाईही. आता मुली सोळा.

आणि इथे त्या अडचणीचं उत्तर सापडतं. समोरून मावत नाही ना, मग वरून बघू. सोळा जणी जमिनीवर वर्तुळात बसतात किंवा आडव्या होतात, कॅमेरा थेट डोक्यावरून बघतो, आणि पाय, हात, पंखे उघडत-मिटत फुलं उमलायला लागतात. ठिपक्यांची रांगोळी आपोआप हलायला लागली तर कशी दिसेल, तसं. चौकोनी पडद्यात आडवी रांग मावत नाही, वर्तुळ मात्र नेमकं मावतं. १९३० च्या दशकातल्या हॉलिवूडच्या संगीतपटांत बझ्बी बर्कली यांनी ही युक्ती आधीच गाजवली होती, त्यामुळे शोधाचं श्रेय टेलरबाईंना देऊ नये. पण सिनेमात चुकलं की पुन्हा टेक. इथे पन्नासच्या दशकात दर शनिवारी, थेट, नवा नाच, आणि एका मुलीचा पाय चुकीच्या दिशेला गेला तर साऱ्या देशाला दिसणार. १९५५ मध्ये त्यांना नृत्यदिग्दर्शनासाठी एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं ते उगाच नव्हे.

ग्लीसनमध्येही दोन ग्लीसन आहेत, हे घेण्याआधी बघा. पन्नासच्या दशकातले भाग न्यूयॉर्कचे, कृष्णधवल. टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून उतरवून घेतलेले म्हणून चित्र धूसर, आणि चमकीच्या कपड्यांभोवती काळी कडा दिसते. १९६४ मध्ये ग्लीसननी आख्खा शो मायामी बीचला हलवला आणि १९६६ पासून तो रंगीत झाला. १९७० पर्यंत चालला. नाचाच्या शिक्षिकेने मायामीचे रंगीत भाग घ्यावेत: पावलं स्पष्ट, कपड्यांच्या रंगांनी रचना उठून दिसते. इतिहासाची आवड असेल तर न्यूयॉर्कचे. मला स्वतःला न्यूयॉर्कचेच आवडतात, त्या धुक्यातही. पण माझी आवड हा सल्ला नव्हे.

एक फसगत टाळा. ग्लीसनचं नाव आणि ‘हनीमूनर्स’ असं वाचून संच घ्याल तर नवरा-बायकोची प्रहसनं मिळतील, नाच नाही. १९५५-५६ च्या हंगामात ग्लीसननी ‘हनीमूनर्स’ अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका केली. त्या वर्षी टेलरच्या मुली त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात, वाद्यवृंदवाल्या डॉर्सी बंधूंच्या ‘स्टेज शो’मध्ये नाचत होत्या. २८ जानेवारी १९५६ ला एल्व्हिस प्रेस्ली पहिल्यांदा साऱ्या अमेरिकेला टीव्हीवर दिसला तो याच ‘स्टेज शो’त. एल्व्हिसच्या त्या क्लिपा सगळीकडे मिळतात, मुलींचा नाच मात्र शोधावा लागतो.

बर्नेट की मार्टिन

ही तुलना सोपी आहे, पण लोक इथेच चुकतात. दोन्ही शो रंगीत, दोन्ही सहज सापडतात, आणि दोन्हींच्या क्लिपा मजेशीर असतात.

‘द कॅरल बर्नेट शो’ ११ सप्टेंबर १९६७ ते २९ मार्च १९७८. तो झाला कसा तेही ऐकण्यासारखं आहे. विनोदी नटी असलेल्या बर्नेटबाईंच्या सीबीएसशी झालेल्या करारात एक कलम होतं: पाच वर्षांच्या आत त्यांनी हट्ट धरला तर वाहिनीने त्यांना तासाभराच्या व्हरायटी शोचे तीस भाग द्यायचे. मुदत संपायला आली तेव्हा त्यांनी फोन करून ते कलम काढलं. व्हरायटी हा पुरुषांचा प्रांत, असं त्यांना ऐकवून झालं, पण करार म्हणजे करार.

इथली रांग अर्नी फ्लॅट यांची, आणि तिच्यात स्त्रिया आहेत तसे पुरुषही. हा ताफा नुसता पाय उडवत नाही. प्रहसनात नोकर होतो, राजाचे सैनिक होतो, जुन्या सिनेमाची टिंगल चाललेली असताना मागे अगदी गंभीर चेहऱ्याने नाचतो, आणि समोर बर्नेटबाई मुद्दाम ठोका चुकवतात. रांग बिनचूक असल्याशिवाय तो विनोद होतच नाही. कपडे बॉब मॅकी यांचे, दर आठवड्याला ढिगाने. शुक्रवारी एकच कार्यक्रम दोनदा, दोन वेगळ्या प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायचा आणि दोन्हींतलं चांगलं ते निवडलं जायचं. थेट प्रक्षेपणातली धाकधूक गेली, पण नाचाची सफाई वाढली. (२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा बर्नेटबाईंचा सहावा हंगाम नुकताच लागला होता. आपल्याकडे रंग यायला १९८२ उजाडलं. यातलं काहीच आपल्या लहानपणात नव्हतं, आठवण म्हणून बघायचा प्रश्नच नाही. आपल्याला हे सगळं ताजंच.)

इथली फसगत जास्त मोठी. ‘कॅरल बर्नेट अँड फ्रेंड्स’ या नावाने जे अर्ध्या तासाचे भाग फिरतात त्यांत प्रहसनं ठेवून नाचगाण्यांना कात्री लावलेली आहे. कितीतरी वर्षं लोकांनी हाच शो बघितला आणि त्यात नर्तक होते हे त्यांच्या गावीही नाही. पूर्ण तासाचे भागच घ्या, नाहीतर घेऊच नका.

गायक डीन मार्टिन यांचा ‘द डीन मार्टिन शो’ १९६५ ते १९७४, शेवटचा हंगाम सोडला तर गुरुवारी रात्री दहाला. मार्टिन तालमीला येतच नसत. चित्रीकरणाच्या दिवशी उगवायचे आणि समोर धरलेल्या फलकांवरचं वाचत, चुकत, हसत वेळ मारून न्यायचे. हाच शोचा गोडवा. गोल्डडिगर्स हा मुलींचा ताफा १९६८ पासून. त्यांनी आठवडाभर तालीम केलेली, आणि मध्ये हा माणूस काहीच पाठ न करता शिरलेला. हा विरोध पहिल्या दोन भागांत खुसखुशीत वाटतो. पाचव्या भागापर्यंत मला कंटाळा येतो, कारण कॅमेऱ्याला रांगेत रस नाही. त्याला एकेकीचा चेहरा आणि कपडे दाखवायचेत. नाच कुठे सुरू झाला, कुठे संपला, हातात काही लागत नाही. त्या काळाचा पुरुषी चष्मा कसा होता यावर कुणी लिहिणार असेल तर साहित्य भरपूर आहे. नाचासाठी मात्र बर्नेट, दुसरा विचार नको.

युरोपातले दोन, आणि दोन जे मी सुचवत नाही

इटलीच्या राय वाहिनीचा ‘स्टुडिओ उनो’ (१९६१ ते ६६) हा माझा लाडका. दिग्दर्शक अंतोनेल्लो फाल्क्वी. थिएटरचा देखावा नाही, मखमली पडदे नाहीत. उजळ, जवळजवळ रिकामा स्टुडिओ आणि त्यात काळ्या आकृत्या. कृष्णधवल चित्राची मर्यादा इथे दागिन्यासारखी मिरवली आहे. समोर केसलर जुळ्या, ॲलिस आणि एलेन. मूळच्या पूर्व जर्मनीच्या, १९५२ मध्ये पश्चिमेला आलेल्या, पॅरिसच्या लिडो कॅबेरेमध्ये ब्लूबेल गर्ल्स या नाचाच्या ताफ्यासोबत तयार झालेल्या. दोघींचीच रांग, पण सोळा जणींच्या तोडीची, कारण आरसा समोर ठेवल्याइतकं साम्य. कॅथलिक इटलीत उघडे पाय चालणार नाहीत म्हणून वाहिनीने त्यांना जाड काळे टाइट्स घालायला लावले, आणि झालं उलटंच: पांढऱ्या पार्श्वभूमीवर ते काळे पाय शाईने काढल्यासारखे ठसठशीत दिसतात. दोघी नोव्हेंबर २०२५ मध्ये एकाच दिवशी गेल्या, वयाच्या ८९ व्या वर्षी. इटालियन येत नसेल तरी बिघडत नाही. तसं म्हटलं तर ग्लीसनची बडबडही मी पुढे ढकलते.

पूर्व जर्मनीचा ‘आइन केसेल बुंटेस’ १९७२ ते १९९२, वर्षाला सहाच भाग, शनिवारी रात्री. नावाचा अर्थ साधारण ‘नाना रंगांनी भरलेलं पातेलं’. बर्लिनच्या फ्रीडरिखश्टाट-पलास्ट या नाट्यगृहाची पायांची लांबलचक रांग, मध्ये पश्चिमेकडून बोलावलेले पाहुणे. १९७४ मध्ये अॅबाही आले होते. रांग भव्य, कॅमेरा पुन्हा समोरून, पण रंगमंचच इतका मोठा की दोष झाकला जातो. भिंतीपलीकडच्या टीव्हीशी स्पर्धा करायला समाजवादी सरकारने पिसं आणि चमकी यांवर खर्च करावा, ही गंमत नाचापेक्षा जास्त लक्षात राहते. एखादा भाग बघा, पुरे.

‘द एड सलिव्हन शो’चं नाव प्रत्येक यादीत पहिलं असतं. १९४८ ते १९७१, आणि ९ फेब्रुवारी १९६४ च्या बीटल्सच्या रात्री ७ कोटी ३० लाख प्रेक्षक. शो मोठाच. पण टोस्टेट्स गेल्यावर रांग ही तिथली ओळख राहिली नाही. कसरती, बाहुल्या, ऑपेरा, रॉक यांच्या गर्दीत ती कधीमधी भेटते. रांगेसाठी सलिव्हन बघणं म्हणजे चटणीसाठी थाळी मागवणं.

आणि शोधताना ‘ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ समोर येईलच, म्हणून सांगून ठेवते. बीबीसी, १९५८ ते १९७८. नाचणाऱ्या मुलींचा ताफा तरबेज, वेग जबरदस्त, १९६१ मध्ये मॉन्त्र्यूच्या टीव्ही महोत्सवाचं गोल्डन रोझ पारितोषिक मिळालेलं. आणि गाणारे गोरे पुरुष तोंडाला काळं फासून, ओठांभोवती पांढरं रंगवून. १९६७ मध्ये तो बंद करा म्हणून वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्यांनी अर्ज दिला, तरी पुढे अकरा वर्षं चालला. त्यातल्या मुली किती छान नाचतात हे मला बघताच येत नाही. क्लासमध्ये मुलांना दाखवायचं तर मुळीच नाही.

मग शेवटी काय?

फक्त एक रात्र असेल तर ग्लीसन, मायामीचे रंगीत भाग, आणि त्यातली पहिली काही मिनिटं. दोन रात्री असतील तर दुसरी बर्नेटबाईंची, पूर्ण तासाची. तुम्ही कॅमेरा धरणारे असाल, लग्नाचे किंवा गॅदरिंगचे व्हिडिओ करत असाल, तर क्रम उलटा करा: आधी ‘स्टुडिओ उनो’, मग ग्लीसन. नाट्यगृहाचा वास ज्यांना हवाय त्यांनी पॅलेडियमच शोधावा, माझं ऐकू नये. आणि घरातल्या मोठ्यांसोबत जेवताना काहीतरी लावायचं असेल तर बर्नेट. डीन मार्टिन लावलात की तुमच्या आत्याबाई ताट घेऊन आत जातील.

भाचीला मी ग्लीसन पाठवला. आठवडाभर काही उत्तर नाही. मग एक व्हिडिओ आला: तिच्या क्लासच्या बारा मुली अंगणात गोल बसलेल्या आणि फोन दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली धरलेला. खाली लिहिलं होतं, ‘मावशी, डावीकडून तिसरी बघ. वर्षभर समोरून बघतेय, कधी कळलंच नाही. ती प्रत्येक वेळी वीतभर आत सरकते.’